ठिपकेवाला होला: आधी मान पाहा, नाव शेवटी लिहा

ठिपके दिसले की ठिपकेवाला होला, एवढ्या एका समजुतीमुळे होल्यांच्या नोंदींत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. छोट्या तपकिरी होल्यालाही ठिपके असतात, आणि महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत-शहरांत हे दोघे एकाच तारेवर बसलेले सापडतात. त्यामुळे ठिपके आहेत की नाहीत यावर काहीच ठरत नाही. ते मानेच्या मागे आहेत की पुढे, यावर बहुतेक सगळं ठरतं.

दुसरी चूक क्रमाची. नवखा माणूस आधी आकार बघतो, मग रंग, मग पुस्तकातल्या चित्रांत जुळेल ते नाव शोधतो. होल्यांच्या बाबतीत आकार आणि रंग या दोन गोष्टी सर्वांत जास्त फसवतात. खालचा क्रम बरोबर उलटा आहे: मान, पाठ, शेपूट, आवाज, आणि आकार सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला तर दुर्बीण साधी असली तरी चालतं.

१. निघण्यापूर्वीची तयारी

दुर्बीण ८×४२ ची पुरेशी आहे. १० किंवा १२ पटीची घेतली तर हात थरथरतो तसं चित्र थरथरतं, आणि होला बघायला एवढं मोठं करून पाहायची गरज नसते. दुर्बीण डोळ्यांना जुळवून घ्या: उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यापुढचं चित्र स्पष्ट करा. मग डावी बाजू झाका आणि उजव्या भिंगाजवळच्या कड्याने तीच वस्तू उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. त्यानंतर ते कडं हलवायचं नाही, फक्त मधलं चाक फिरवायचं. ही जुळवणी न केल्यामुळे मानेवरचे बारीक ठिपके एकमेकांत मिसळून नुसता काळपट डाग दिसतो.

सोबत छोटी वही आणि पेन्सिल हवी. पेन ओल्या पानावर चालत नाही. वहीच्या पहिल्या पानावर पक्ष्याची एक साधी बाह्यरेषा काढून ठेवा आणि त्यावर चार जागांना खुणा करा: मानेची मागची बाजू, गळा व छातीचा वरचा भाग, मिटलेल्या पंखांची वरची बाजू आणि शेपटीच्या कडेची पिसं. जे दिसेल ते थेट त्या जागी टिपायचं. "मानेवर ठिपके" असं वाक्यात लिहिलं की पुढचे की मागचे हे घरी गेल्यावर आठवत नाही.

वेळ सूर्योदयानंतरचे दोन-अडीच तास. उन्हं वर चढली की होले झाडांच्या सावलीत गप्प बसतात आणि अंगावरचे फरक प्रखर उजेडात पुसट होतात. सूर्य तुमच्या पाठीशी राहील अशी जागा निवडा. उजेडाविरुद्ध पाहिलेला प्रत्येक होला तपकिरीच दिसतो.

२. आधी पारवा बाजूला काढा

हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे. पारवा जाडजूड, राखाडी-निळसर, पंखावर दोन ठळक काळे पट्टे आणि मानेवर हिरवी-जांभळी चमक. होले सडपातळ, डोकं लहान, शेपूट अंगाच्या मानाने लांब, मानेला चमक नाही. बऱ्याच घरांत सगळ्यांनाच पारवा किंवा कबूतर म्हणतात, म्हणून कुणी "आमच्या खिडकीत कबुतराने अंडी घातलीत" असं सांगितलं की होल्याची शक्यता धरून चौकशी करावी.

३. मान: मागून, बाजूने आणि पुढून

निम्म्याहून जास्त वेळ इथे द्या.

ठिपकेवाल्या होल्याच्या मानेच्या मागे आणि दोन्ही बाजूंना रुंद काळा भाग असतो आणि त्यात पांढरे ठिपके विखुरलेले असतात. जवळून पाहिलं तर हे ठिपके का दिसतात ते कळतं: तिथल्या प्रत्येक काळ्या पिसाचं टोक दुभंगलेलं असतं आणि त्या दोन टोकांवर पांढरा ठिपका असतो. पक्षी मान ताणतो तेव्हा पिसं एकमेकांपासून सुटतात आणि ठिपके मोकळे दिसतात. मान आखडून बसला की तीच पिसं एकावर एक येतात आणि काळा भाग एखाद्या पट्टीएवढाच उरतो. समोरून पाहिलं तर गळा आणि छाती साधी, गुलाबीसर तपकिरी, एकही ठिपका नाही.

छोट्या तपकिरी होल्याचं बरोबर उलट. मानेची मागची बाजू कोरी. गळ्याच्या खाली, छातीच्या वरच्या भागावर तांबूस आणि काळ्या ठिपक्यांची रुंद पट्टी. समोर तोंड करून बसलेल्या पक्ष्यावर ती पटकन दिसते, म्हणूनच ठिपके बघून नाव टाकणारे इथे हमखास चुकतात.

बाकीचे तीन थोडक्यात. कंठवाल्या होल्याच्या मानेमागे पांढरी कड असलेली बारीक काळी अर्धी कंठी असते आणि अंग फिकट राखाडी-पिवळसर असतं. लाल होल्यालाही अर्धी काळी कंठी असते, पण नराचं अंग विटेसारखं लालसर आणि डोकं राखाडी असतं. मादी मात्र तपकिरी-राखाडी, म्हणजे जवळजवळ कंठवाल्या होल्याची छोटी, आखूड शेपटीची आवृत्ती. उरला तो स्ट्रेप्टोपेलिया ओरिएन्टॅलिस (हे त्याचं शास्त्रीय नाव, पुढे नुसतं ओरिएन्टॅलिस): मोठा, भारदस्त होला, मानेच्या दोन्ही बाजूंना काळ्या आणि निळसर राखाडी तिरप्या रेघांचा छोटा डाग. रेघा आणि ठिपके यांत दुरून गल्लत होते, म्हणून त्याची पाठ पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

सावधान: झोपाळलेला, अंग फुगवून बसलेला होला मान पूर्ण लपवतो. तो उठण्याची किंवा दाणे टिपायला वाकण्याची वाट पाहा. वाकला की मानेची मागची बाजू आपोआप समोर येते.

पडताळणी: मान दोन बाजूंनी पाहिली का? फक्त समोरून पाहिली आणि गळा कोरा दिसला, तर एवढ्यावरून तो ठिपकेवाला ठरत नाही. कंठवाला आणि लाल होल्याचाही गळा कोराच असतो.

४. पाठ

आपल्याकडच्या ठिपकेवाल्या होल्याच्या पाठीवर आणि मिटलेल्या पंखांवर फिकट गुलाबी-पिवळसर ठिपके असतात आणि मधून गडद रेघा जातात. पाठ चितकबरी वाटते. छोट्या तपकिरी होल्याची पाठ सपाट तपकिरी, आणि पंखाच्या कडेला निळसर राखाडी पट्टा. ओरिएन्टॅलिसच्या पंखांवरच्या गडद पिसांना तांबूस कडा असतात, त्यामुळे पाठ माशाच्या खवल्यांसारखी दिसते. कंठवाला पाठीमागून एकरंगी.

या टप्प्यावर एक वेगळीच फसगत होते आणि ती पक्ष्यामुळे होत नाही. इंटरनेटवर या होल्याचे फोटो शोधले की चीन, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया, हवाई इथले कितीतरी फोटो येतात. तिथले पक्षी पूर्वेकडच्या उपजातींचे आहेत. त्यांच्या मानेवर तसाच काळा-पांढरा भाग असतो, पण पाठ जवळजवळ साधी असते, भारतीय पक्ष्यासारखी ठिपक्यांनी भरलेली नसते. अशा फोटोशी ताडून पाहिलं की आपला अस्सल पक्षी "जुळत नाही" असं वाटतं आणि माणूस भलतंच नाव शोधत बसतो. तुलनेसाठी फोटो घेताना तो कुठे काढला आहे हे आधी वाचा.

पिसं झिजलेली असतील तर पाठीवरचे फिकट ठिपके अंधूक होतात. मानेवरची खूण तेव्हाही टिकून असते, म्हणून पाठ आणि मान यांत मतभेद झाला तर मानेचं ऐका.

५. शेपूट

बसलेल्या पक्ष्याची शेपूट फार काही सांगत नाही, उडताना किंवा उतरताना ती पंख्यासारखी पसरते तेव्हा पाहा. ठिपकेवाल्याची शेपूट लांब, मधली पिसं लांब आणि कडेची टप्प्याटप्प्याने आखूड. कडेच्या पिसांची टोकं रुंद पांढरी. छोट्या तपकिरी होल्याच्या शेपटीचेही कोपरे पांढरे असतात. त्यामुळे या दोघांत निवड करायची असेल तर शेपटीवर विसंबू नका.

कंठवाल्यासाठी मात्र शेपूट कामाची आहे. खालून पाहिली तर मुळाकडचा भाग काळा आणि टोकाकडचा पांढरा, मध्ये स्पष्ट सीमा. डोक्यावरच्या तारेवर बसलेला फिकट होला खालून बघायला मिळाला तर ही खूण आधी तपासा.

६. आवाज

ठिपकेवाला घुमतो तेव्हा सुरुवातीला दोन-तीन तुटक सूर येतात आणि मग लांबवलेले सूर: "क्रू-क्रुक-क्रुक, क्रू, क्रू, क्रू". शेवटच्या "क्रू"ची संख्या बदलते, म्हणून सूर मोजत बसू नका, एकूण चाल ऐका. छोट्या तपकिरीचा आवाज मऊ, दबका, दाबून हसल्यासारखा, पाच-सहा छोटे सूर भरभर एकमेकांत मिसळलेले. कंठवाल्याचे ठराविक तीन सूर, मधल्यावर जोर: "कु-कूऽ-कु", आणि तेच पुन्हा पुन्हा. लाल होल्याचा आवाज कोरडा, घरघरता, गतीने फिरणारा.

मोबाइलवर आवाज ओळखणारी ॲप्स आहेत, मर्लिन त्यांतलं सगळ्यांच्या ओळखीचं. ॲपने सुचवलेलं नाव म्हणजे कुठे पाहायचं याची सूचना, एवढंच समजा. दोन होले एकाच वेळी घुमत असतील किंवा पक्षी लांब असेल तर ते चुकू शकतं. आवाज ऐकला, पक्षी शोधला, मान पाहिली, मगच नाव.

होल्याला जवळ बोलावण्यासाठी रेकॉर्डिंग वाजवू नका. घरटं असलेला पक्षी उगाच हद्द राखायला धावतो आणि तेवढा वेळ अंडी उघडी राहतात.

७. आकार, आणि तोही शेजाऱ्याशी तोलून

अंदाजे लांबी अशी: लाल होला २२-२३ सेंमी, छोटा तपकिरी २६, ठिपकेवाला ३०, कंठवाला ३२, ओरिएन्टॅलिस ३३. कागदावर फरक मोठा वाटतो. एकट्या बसलेल्या पक्ष्यावर तो कळत नाही, त्यात थंडीत फुगलेला छोटा होला सहज मोठा वाटतो. जवळ साळुंकी असेल तर तिच्याशी तुलना करा: लाल होला साधारण तिच्याएवढा किंवा किंचित लहान, छोटा तपकिरी तिच्याहून थोडा लांब, ठिपकेवाला साळुंकी आणि पारवा यांच्या मधला. शेजारी कुणी नसेल तर आकाराचा रकाना रिकामा ठेवा.

८. अडचणीचे पक्षी

पिल्लावस्थेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या ठिपकेवाल्याच्या मानेवर काळा-पांढरा भाग नसतो. अंग मळकट तपकिरी, शेपूट पुरती वाढलेली नाही. असा पक्षी छोटा तपकिरी म्हणून हमखास नोंदला जातो. उपाय सोपा: पंधरा मिनिटं थांबा. अशी पिल्लं अजून आई-बापाच्या आसपास असतात आणि चारा मागतात. मोठा पक्षी आला की त्याची मान पाहा. मोठा आलाच नाही तर जात लिहू नका.

पावसात भिजलेल्या होल्याचे रंग एक-दोन छटांनी गडद होतात. तो पिसं झटकून वाळेपर्यंत निर्णय पुढे ढकला. नर-मादीचा प्रश्नही इथेच मिटवून टाकू: ठिपकेवाल्यात दोघे दिसायला सारखे, त्यामुळे "नर दिसला" असं नुसतं पाहून लिहिता येत नाही. लाल होल्यात लिहिता येतं.

९. नाव कसं लिहायचं

होला, कवडा, भोरी ही नावं वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या जातींसाठी वापरली जातात. घरात, गावात बोलताना ती छान आहेत. नोंदीत नुसतं "कवडा" लिहिलं तर वाचणाऱ्याला काही कळत नाही. नोंदीत विशेषणासह पूर्ण मराठी नाव आणि शेजारी शास्त्रीय नाव लिहा.

ठिपकेवाल्या होल्याचं शास्त्रीय नाव स्पिलोपेलिया चायनेन्सिस. जुन्या पुस्तकांत तो स्ट्रेप्टोपेलिया चायनेन्सिस म्हणून सापडेल, पक्षी तोच. भारतातली उपजात सुरातेन्सिस, सुरतेवरून नाव पडलेली. छोटा तपकिरी होला स्पिलोपेलिया सेनेगालेन्सिस, आणि त्याची आपल्याकडची उपजात कॅम्बायेन्सिस, खंभातवरून. उपजातींची ही दोन्ही नावं जर्मन निसर्गशास्त्रज्ञ ग्मेलिनने १७८९ साली दिली. काही जागतिक याद्यांत भारतीय ठिपकेवाल्याला स्वतंत्र जात मानून स्पिलोपेलिया सुरातेन्सिस म्हणतात. म्हणून कोणती यादी वापरता ते वहीच्या सुरुवातीला एकदा लिहून ठेवा आणि वर्षभर तीच पाळा. मध्येच यादी बदलली की एकाच पक्ष्याच्या दोन जाती होऊन बसतात.

खात्री नसेल तर "होला, जात निश्चित नाही" असं लिहायला संकोच नको. ई-बर्डसारख्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळांवर जातीऐवजी गटाची नोंद करायची सोय असते, ती वापरा. अंदाजाने टाकलेलं नाव नंतर कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

पडताळणी: नाव लिहिण्यापूर्वी वहीतल्या आकृतीवरच्या चारपैकी किमान दोन जागा भरलेल्या हव्यात, आणि त्यांतली एक मान हवी.

१०. फोटो काढायचा तर

एकाच सुंदर कोनातले वीस फोटो ओळखीसाठी निरुपयोगी. तीन हवेत: समोरून गळा-छाती, मागून मान आणि पाठ, आणि उडताना किंवा उतरताना शेपूट. तिसरा अवघड आहे, पण नर घुमण्याच्या काळात सोपा होतो. तो पंख वाजवत जवळजवळ सरळ वर चढतो आणि मग पंख-शेपूट पसरून तरंगत खाली येतो. चढताना नाही, उतरताना बटण दाबा. छायाचित्र संगणकावर उजळ करताना रंगांशी खेळू नका, लालसर छटा वाढवली की तपकिरी होलाही लाल होला दिसू लागतो.

११. निरीक्षण: काय पाहायचं, किती वेळ

ठिपकेवाला होला झाडी असलेल्या, थोड्या दमट भागात जास्त: बागा, परसदार, शेताचे झाडीचे बांध, जंगलाच्या कडा. कोरड्या, मोकळ्या माळाकडे जाल तसा छोटा तपकिरी आणि कंठवाला वाढत जातो. हा नियम नव्हे, पण कोकणातल्या वाडीत कंठवाला लिहिण्यापूर्वी दोनदा पाहावं इतका तो भरवशाचा आहे.

जमिनीवर मोकळी माती आणि शेजारी झुडूप अशी जागा शोधा. वीस-पंचवीस पावलांवर बसा, उभं राहू नका. पक्ष्याच्या दिशेने सरळ चालत गेलात तर तो फडफडाट करत उडतो. तिरकं, थांबत थांबत गेलात तर बहुतेक वेळा चरत राहतो. मान ताणून स्तब्ध झाला की तुम्ही फार जवळ आलात, दोन पावलं मागे या.

एका बैठकीत वीस मिनिटं पुरतात, आणि एका वेळी एकच गोष्ट नोंदवा. चरणं: कोणत्या गवताखाली, किती वेळ, सोबत कोण. होले खाली पडलेलं बी टिपतात, फांदीवर लटकून फळं खाताना दिसला तर तो होला आहे का हेच आधी तपासा. पाणी पिणं: चोच बुडवून, डोकं न उचलता ओढून घेतात. ही सवय सगळ्या कबूतर कुळाची आहे, जात ओळखायला तिचा उपयोग नाही. प्रियाराधन: एक पक्षी दुसऱ्यापुढे मान फुगवून वारंवार वाकतो. वाकणारा बहुधा नर असतो, पण नोंदीत "वाकणारा" असंच लिहा. मानेवरचा काळा-पांढरा भाग या वेळी जितका मोकळा दिसतो तितका एरवी कधीच दिसत नाही.

१२. घरटं सापडलं तर

काड्यांची विरळ चटई, इतकी पातळ की कधी कधी खालून अंडी दिसतात. अंडी बहुतेक वेळा दोन, पांढरी. आई-बाप दोघेही आळीपाळीने उबवतात, त्याला साधारण दोन आठवडे लागतात आणि पिल्लं उडायला पुन्हा तितकेच. वर्षाच्या कोणत्याही महिन्यात घरटं सापडू शकतं, त्यामुळे "हा काही विणीचा हंगाम नाही" म्हणून फांद्या छाटू नयेत.

सावधान: घरटं किंवा अंडी पाहून जात ठरवता येत नाही. ठिपकेवाला आणि छोटा तपकिरी या दोघांचीही घरटी तशीच आणि अंडी तशीच. बसलेल्या पक्ष्याची मान पाहा.

निरीक्षण लांबून, दहा मिनिटांच्या आत. बसलेला पक्षी उडून जाईल इतकं जवळ जाऊ नका, कारण आजूबाजूचा कावळा तेवढीच संधी शोधत असतो. कावळा दिसत असेल तर घरट्याकडे बघूही नका, सरळ पुढे निघून जा. फ्लॅश नको, पानं बाजूला सारणं नको. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हेही शिकारीच्या व्याख्येत येतं.

घरटं कुंडीत असेल तर कुंडी हलवू नका, दुसऱ्या खिडकीत "सुरक्षित जागी" तर मुळीच नाही. आई-बाप घरट्याची जागा शोधत येतात, हलवलेली कुंडी शोधत नाहीत. पाणी कडेने हळू सोडा, खोलीकडचा पडदा ओढून ठेवा.

अंगावर पिसं आलेलं, डोळे उघडे, पायांवर उभं राहणारं पिल्लू खाली दिसलं तर ते बहुधा उडायला शिकतंय. मांजर-कुत्र्यापासून वाचेल असं जवळच्या झुडपात उंचावर ठेवा आणि लांब जा; तोंडात पाणी किंवा भात घालू नका. पिसं न आलेलं पिल्लू पडलं असेल आणि घरटं हाताला येत असेल तर त्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून होले पिल्लू टाकून देत नाहीत. घरटंच मोडलं असेल तर वनविभागाला किंवा जवळच्या वन्यजीव बचाव पथकाला फोन करा आणि ते येईपर्यंत पिल्लू झाकणाला भोकं पाडलेल्या खोक्यात, मऊ कापडावर, अंधारात ठेवा.